आजारी बियर्डेड ड्रॅगनची घरची शुश्रूषा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न

बियर्डेड ड्रॅगनने खाणं सोडलं की घरातल्यांचा जीव खाली-वर होतो आणि पहिली धडपड त्याच्या पोटात काहीतरी घालायची होते. नेमकी इथेच गल्लत होते. हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, तापलेल्या मुलखातला सरडा. स्वतःच्या शरीराची ऊब त्याला तयार करता येत नाही. अन्न पचणं, जंतूंशी झुंजणं, औषध अंगी लागणं, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. गार पडलेल्या ड्रॅगनच्या पोटात घातलेला घास पचत नाही, आतच कुजतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी अन्न. कोणतं औषध आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. त्या औषधाला काम करता येईल अशा स्थितीत प्राण्याला ठेवणं, हे घरच्यांच्या हातात असतं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. काही लक्षणं दिसली तर घरी वाट बघायचीच नसते. शी करण्याच्या जागेतून लालसर मांस बाहेर आलं असेल, झटके येत असतील, मागचे पाय ओढत चालत असेल, शेकण्याच्या जागेपासून दूर असतानाही तोंड उघडून श्वास घेत असेल, तोंडातून चिकट स्राव येत असेल, अंग भाजलं असेल, किंवा उचलल्यावर कापडासारखा लोंबत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. मांस बाहेर आलं असेल तर ते कोरडं पडू देऊ नका. मेडिकलमधून सलाइनची छोटी बाटली आणून त्यात भिजवलेला गॉज त्यावर ठेवा आणि निघा. बोटाने आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

शेकताना तोंड उघडून बसणं मात्र नेहमीचं आहे. तसा तो जास्तीची उष्णता बाहेर टाकतो. गार बाजूला जाऊनही तोंड उघडंच राहिलं, तर ते दुखणं समजा.

इथल्या हवेचा प्रश्न

ड्रॅगनला हवेतली आर्द्रता ३० ते ४० टक्के असेल तर मानवते. ठाण्यात किंवा वाशी-नेरुळ-खारघरला जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर सहज असते आणि खाडीकाठच्या इमारतींत पावसाळ्याबाहेरही हवा फारशी कोरडी होत नाही. आर्द्रतेच्या जोडीला टँक कोमट राहिला, म्हणजे ना धड गार ना धड तापलेला, तर श्वसनाचे आणि कातडीच्या बुरशीचे आजार तिथूनच सुरू होतात. त्यामुळे पावसाळ्यात ड्रॅगन आजारी पडला, तर औषधाच्या आधी टँकमधली हवा बघा. मोठं पाण्याचं भांडं काढून टाका, टँकमध्ये फवारा मारणं बंद करा, वरची जाळी मोकळी ठेवा आणि खोलीतला एसी थोडा वेळ ‘ड्राय’ मोडवर चालवा. एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट टँकवर येता कामा नये. रात्री एसी २४ वर लावून झोपायची सवय असेल, तर आजारी ड्रॅगनचा मुक्काम दुसऱ्या खोलीत हलवा.

एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास होतो. खोलीच ३४ अंशांवर गेली की टँकची गार बाजू गार राहतच नाही आणि प्राण्याला उष्णतेपासून पळायला जागा उरत नाही. तेव्हा जास्त वॉटचा बल्ब काढून कमी वॉटचा लावा.

आजारपणाचा टँक

नेहमीच्या टँकमधली वाळू, फांद्या, दगड यांत आजारी प्राण्यावर नजर ठेवता येत नाही. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद प्लास्टिकचा खोका किंवा टँक पुरतो, पण बल्बची उष्णता प्लास्टिकला लागणार नाही एवढं अंतर ठेवा. तळाला टिशू पेपर किंवा वर्तमानपत्र घाला. त्यावर शी, लघवीचा पांढरा भाग, रक्त, उलटी, जे काही असेल ते लगेच दिसतं आणि कागद बदलला की साफसफाई झाली. शेकायला चपटी फरशी ठेवा, जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटरच उंच. अशक्त ड्रॅगन उंच फांदीवरून पडतो आणि ज्याची हाडं ठिसूळ झाली आहेत, त्याचं हाड तेवढ्याने मोडू शकतं. लपायला पुठ्ठ्याचा खोका पुरे. घरात दुसरा ड्रॅगन असेल तर त्याची भांडी, चिमटा, सगळं वेगळं ठेवा आणि निरोग्याचं काम आधी, आजाऱ्याचं नंतर करा.

फरशीचा पृष्ठभाग ३८ ते ४० अंश, गार बाजू २६ ते २८ अंश आणि रात्री किमान २४-२५. निरोगी ड्रॅगन रात्रीची याहून जास्त थंडी सहज सोसतो, पण आजारपणात तशी परीक्षा घेऊ नये. दिवसा १२ तास उजेड, रात्री पूर्ण अंधार. रात्री ऊब लागलीच तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. लाल-निळे ‘नाइट बल्ब’ झोप मोडतात. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याचा सेन्सर टँकच्या आत पक्का चिकटवा. तो बाहेर निसटून पडला तर थर्मोस्टॅटला खोलीचं तापमान कळत राहतं आणि आतला प्राणी भाजून निघतो. तापणारे ‘हॉट रॉक’ नकोतच. ड्रॅगनला पोटाखालची उष्णता नीट जाणवत नाही आणि तो भाजेपर्यंत तिथेच बसून राहतो.

तापमान मोजायला काचेवर चिकटवायची गोल तबकडी उपयोगाची नाही. ती काचेचं तापमान सांगते. तारेचं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर दोन्ही बाजूंना लावा आणि फरशी मोजायला इन्फ्रारेड गन घ्या. इथे एक फसगत होते: कोविडच्या काळात घेतलेली, कपाळासमोर धरायची गन बऱ्याच घरांत पडून असते आणि तीच वापरली जाते. ती माणसाच्या कपाळावरून शरीराचं तापमान काढायला बनवलेली असते, आकडा त्या हिशेबाने दुरुस्त करून दाखवते आणि तिची मर्यादाही थोडी असते. फरशीचं खरं तापमान तिच्यावर कळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, यंत्रांचं तापमान मोजायची गन हवी.

महावितरणची वीज गेली तर लगेच घाबरू नका. आपल्याकडची खोली वर्षातले बरेच महिने २६-२८ अंशांच्या आसपास असतेच, तेवढ्यावर काही तास निभावतात. फक्त नुकतंच खाल्लेलं असेल तर ऊब टिकवा: साधारण ४० अंशांचं पाणी बाटलीत भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवा. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आधी आला असेल, तर त्या दिवशी सकाळी खायला देऊच नका.

यूव्हीबी: न दिसणारं कारण

मलूलपणा, पायांची थरथर, बोटांचं फडफडणं, जबडा रबरासारखा मऊ लागणं, पाय वाकडे होणं ही हाडं ठिसूळ होण्याची लक्षणं. मूळ कारण बहुतेक वेळा दिव्यात असतं. यूव्हीबी, म्हणजे उन्हातली एक प्रकारची अतिनील किरणं, मिळाल्याशिवाय कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ड-३ नसेल तर कॅल्शियम कितीही घाला, ते आतड्यातून रक्तात उतरत नाही. १० ते १२ टक्के यूव्हीबीची टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइट) टँकच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक भागावर, शेकण्याच्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आसपास हवी. मधली बारीक जाळी बरीचशी किरणं अडवते, म्हणून जाळीवर ठेवलेली नळी त्या मानाने जवळ लागते. नळी बारा महिन्यांनी बदलायची. ती पेटलेली दिसते तेव्हाही तिची यूव्हीबी संपलेली असू शकते. नळीच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवा.

खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. खरं ऊन द्यायचं तर जाळीच्या खोक्यात, अर्धी सावली ठेवून, सकाळी नऊच्या सुमारास १५-२० मिनिटं, आणि तेवढा वेळ शेजारी बसून. बाल्कनीत कावळे आणि घारी दोन्ही असतात. काचेचा टँक उन्हात ठेवणं जिवावर बेततं. आतलं तापमान काही मिनिटांत जीवघेणं होतं.

कॅल्शियमची साधी, फॉस्फरस नसलेली पूड खाण्यावर भुरभुरवणं ठीक. पण हाडांसाठी म्हणून मेडिकलमधलं ६०,००० युनिटचं ड-३ चं पाकीट आणून पाजणं हा सरळ धोका आहे. तो डोस आठवड्याला एकदा घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी असतो. चारशे ग्रॅमच्या प्राण्यात त्याने मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. हाडांच्या आजारात इंजेक्शन लागतं की तोंडावाटे भागेल, हे एक्स-रे पाहून डॉक्टरच ठरवतात. तोवर उचलताना छाती आणि मागचा भाग दोन्ही तळहातावर तोला. शेपटीला किंवा पायाला धरून उचलू नका.

पाणी

डोळे खोल गेलेले, लाळ ताणली जाणारी, कडेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर उभीच राहणारी, आणि शीबरोबरचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी, खडबडीत झालेला: शरीरातलं पाणी घटल्याच्या खुणा या. चारशे ग्रॅमच्या ड्रॅगनला दिवसाला वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे चार ते आठ मिली पाणी तीन-चार वेळांत विभागून द्या. एक मिलीची, सुई काढलेली सिरिंज घ्या आणि नाकाच्या टोकावर एकेक थेंब सोडा. तो चाटून घेतो. जबडा उघडून घशात पाणी सोडू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. चाटतच नसेल तर जबरदस्ती न करता डॉक्टरांकडे कातडीखालचं सलाइन देऊन घ्या. खूप सुकलेल्या प्राण्याला तेच लवकर उभं करतं.

कोमट पाण्यात बसवणं उपयोगाचं आहे, पण त्याने कातडीतून पाणी शोषलं जातं अशी समजूत धरू नका. फायदा होतो तो पाणी प्यायला मिळण्याचा आणि शी मोकळी होण्याचा. पाणी ३२ ते ३५ अंश, खोली ड्रॅगनच्या कोपरापर्यंतच, वेळ १० ते १५ मिनिटं, आणि पूर्ण वेळ हात जवळ. पाण्यातच शी झाली तर लगेच बाहेर काढा, नाहीतर तेच पाणी तो पितो. नंतर टॉवेलने टिपून, विशेषतः काखा आणि मांड्यांच्या घड्या कोरड्या करून, थेट शेकायला ठेवा. श्वसनाचा आजार असेल किंवा जागेवर उभंही राहवत नसेल, तर आंघोळ नकोच.

खाणं

एक दिवस पुरेशी ऊब आणि पाणी मिळालं की मगच खाण्याचं बघा. रोज सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्यासारख्या एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वेगळ्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. मोठा, निरोगी ड्रॅगन दोन-तीन दिवस जेवला नाही तर काही बिघडत नाही. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे चारशेचं तीनशे साठ झालं, तर डॉक्टर. पिल्लांच्या बाबतीत एवढी वाट पाहू नका, एक-दोन दिवसांचा उपासही त्यांना जड जातो.

हिवाळ्यात मोठा ड्रॅगन कधी कधी कित्येक आठवडे झोपून काढतो. त्या झोपेत वजन फारसं घटत नाही आणि उठवलं तर डोळे स्वच्छ असतात. वजन झपाट्याने उतरत असेल किंवा प्राणी एक वर्षाच्या आतला असेल, तर ती झोप समजू नका.

भूक जागवायला हलणारा घास लागतो: डुबिया झुरळ, रेशीमकिडा किंवा सुपरवर्म, एका वेळी दोन-तीनच. पाल्यात शेवग्याची आणि तुतीची पानं, कोथिंबीर, जास्वंदीची फुलं चालतात. किसलेला लाल भोपळा पोट मोकळं ठेवायला उत्तम. पालक आणि माठ रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकाडो अजिबात नाही.

अजिबात न खाणाऱ्याला डॉक्टरांनी दिलेली रिकव्हरी पावडर, किंवा ती मिळेपर्यंत उकडून गाळलेला भोपळा, पाण्यासारखाच नाकाच्या टोकावर चाटवा. सुरुवातीला दिवसाला चार मिली पुरे. आठ-दहा दिवस उपाशी असलेल्या प्राण्याला एकदम पोटभर भरवलं तर रक्तातले क्षार कोसळून तो दगावू शकतो, म्हणून चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा. भरवल्यावर निदान दोन तास शेकायला मिळालं पाहिजे. संध्याकाळी दिवे मालवायच्या तोंडावर भरवू नका.

घरात पकडलेलं झुरळ कधीही घालू नका. इमारतीत कुठे ना कुठे पेस्ट कंट्रोलचं जेल लावलेलं असतं. आणि काजवा तर नावालाही नको. काजव्यातल्या विषाने बियर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. एकच काजवा पुरे होतो. मे-जूनमध्ये येऊरच्या बाजूला किंवा डोंगराजवळच्या सोसायट्यांत दिव्यावर येणाऱ्या किड्यांवर लक्ष ठेवा.

शीवरून काय कळतं

पातळ, दुर्गंधी येणारी शी सलग दोन वेळा झाली तर तपासणी करून घ्या. कॉक्सिडिया आणि पिनवर्म हे आतड्यातले परजीवी नेहमीचे पाहुणे. मेडिकलमध्ये मिळणारी लघवीच्या नमुन्याची डबी घ्या, ताजी शी आणि तिच्यातला ओलावा त्यात भरा. लगेच नेता येणार नसेल तर डबी पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि २४ तासांच्या आत पोचवा. कॉक्सिडियाची अंडी ब्लीचने मरत नाहीत. रोज कागद बदलणं, शी पडल्या पडल्या उचलणं आणि भांड्यांवर उकळतं पाणी ओतणं हाच उपाय. निम्मं औषध टँकची स्वच्छता असते. ती चुकली तर प्राणी तोच जंतू पुन्हा गिळतो.

शी अडली असेल तर आधी तापमान तपासा, बहुतेकदा शेकण्याची फरशी ३५ च्या खाली गेलेली असते. कोमट आंघोळ, भोपळा आणि पोटावरून शेपटीकडे अगदी हलका हात. एरंडेल नको. आठवडा उलटला, पोट फुगलं किंवा मागचे पाय जड पडले, तर एक्स-रे. मादी असेल तर अंडी अडकली नाहीत ना, हेही बघून घ्या. नराशिवायही ती अंडी घालते. सतत उकरत असेल तर २०-२५ सेंटीमीटर खोल ओलसर माती-वाळूचा डबा द्या. उकरणं थांबून ती एकदम निपचित झाली, तर उशीर करू नका.

कातडीवर पिवळट-तपकिरी खपली, जी कात टाकली तरी जात नाही आणि पसरते, ती बुरशी असू शकते. तिच्यावर हळद, खोबरेल तेल, माणसांची मलमं लावू नका. खपलीचा नमुना तपासायचा असतो आणि लेपाने तो खराब होतो.

औषध देताना

डोस ०.०८ मिलीसारखा बारीक असतो. साधी एक मिलीची, शंभर भागांची सिरिंज घ्या. इन्सुलिनची घेऊ नका. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही मिळतात. एकीवरचे ‘८’ म्हणजे ०.२ मिली, तर दुसरीवरचे ‘८’ म्हणजे ०.०८. अडीच पट औषध जातं. घरी इंजेक्शन द्यायला शिकवलं असेल तर ते पुढच्या पायांच्या बाजूलाच, रोज आलटून-पालटून. प्राणी उठून बसला म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडू नका, आणि घरातलं उरलेलं तर देऊच नका.

टँकच्या खोलीत उदबत्ती, मच्छरची कॉइल, लिक्विड मशीन, डांबर गोळ्या नकोत. महापालिकेची धूर फवारणी खाली सुरू झाली की खिडक्या लावून घ्या.

हात साबणाने धुवा, टँकची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू निरोगी दिसणाऱ्या ड्रॅगनमध्येही असतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि आजी-आजोबांनी त्याला हाताळू नये.

दवाखान्यात जाताना

बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांपुरतेच असतात. आधी फोन करून विचारा: सरपटणारे प्राणी बघता का, एक-दोन ग्रॅमपर्यंतचं वजन करता का, एक्स-रे आणि शीची तपासणी तिथेच होते का. जवळ सोय नसेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकराबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय एकाच आवारात आहेत. निघण्याआधी तिथेही वेळ विचारून घ्या. थर्माकोलच्या खोक्याला भोकं पाडा, खाली टॉवेल घाला, कडेला कोमट पाण्याची गुंडाळलेली बाटली ठेवा. घोडबंदर रोडवर किंवा खाडीच्या पुलावर तासभर अडकायची तयारी ठेवून निघा आणि वाटेत खायला देऊ नका. सोबत वजनाची वही, शीची डबी, आणि टँकचा, दिव्यांच्या खोक्यांचा, थर्मामीटरच्या आकड्यांचा फोटो न्या. डॉक्टरांना निम्मं निदान त्या फोटोंतूनच होतं.

मोठ्या टँकमध्ये परत सोडायची घाई करू नका. वजन पूर्वीच्या जागी आलं, शी बांधून होऊ लागली आणि दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या स्वच्छ निघाल्या की मगच. दरम्यान जुनी वाळू फेकून द्या, लाकडं उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. ज्यांना भेगा आहेत ती टाकूनच द्या. परतल्यावरही पहिले पंधरा दिवस तळाला कागदच असू द्या आणि वजन आठवड्यातून दोनदा करा.